आप्तवाक्य

प्रमाणपत्र हा शब्द आपण इतका सरसकट वापरतो की त्यातलं ‘प्रमाण’ कुठे गेलं याची चौकशी कोणी करत नाही. न्यायशास्त्राने खरं ज्ञान मिळवण्याच्या चार वाटा सांगितल्या आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे आग असणार, हे अनुमान. वर जाऊन हात भाजून घेतला की प्रत्यक्ष. चौथी वाट, शब्द, म्हणजे आप्तवाक्य. ज्याला खरं ठाऊक आहे आणि जो ते जसंच्या तसं सांगतो तो आप्त, आणि त्याचं बोलणं प्रमाण. मराठीने मात्र या शब्दाचा दुसराच अर्थ उचलला. आपल्याकडे आप्त म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेत तो इष्टांना जोडून येतो आणि जेवणाच्या पंगतीत पहिला बसतो. विश्वासू माणूस आणि नातेवाईक यांत फरक करू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केलेली भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणीकरण योजना जरूर अभ्यासावी.

योजना दिसायला देखणी आहे. जंगल शाश्वत पद्धतीने राखलं जातंय का, हे तपासायला ८ निकष, ६९ निदर्शक आणि २५४ पडताळे. यातली आठाची बैठक जुनी आहे. १९९८ साली भोपाळमध्ये जी प्रक्रिया सुरू झाली तिनेही निकष आठच ठरवले होते, फक्त निदर्शक ४३ होते. २५ वर्षांत निदर्शक वाढले, ही प्रगतीच म्हणायची. आता नातीगोती बघू. मानकं मंत्रालयाच्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेतून आलेली. योजना चालवणारी संस्था भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, म्हणजे मंत्रालयाचीच स्वायत्त संस्था. घरातच राहणारी, पण स्वयंपाक वेगळा असलेली. देखरेखीला एक परिषद. योजना जाहीर करताना सरकारने तिच्या सदस्यांची जी यादी दिली त्यात वन संशोधन परिषद आहे, वन सर्वेक्षण आहे, कृषी आणि वाणिज्य मंत्रालयं आहेत, राज्यांची वनखाती, वनविकास महामंडळं आणि लाकूड उद्योगाचे प्रतिनिधी आहेत. ग्रामसभा शोधून सापडत नाही. तपासणी त्रयस्थ संस्था करणार, हे खरं. पण त्या त्रयस्थाला मान्यता देणार भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ, आणि ती परिषद सरकार व उद्योग संघटनांनी मिळून उभी केलेली. थोडक्यात, मुलगी दाखवणारे, पत्रिका जुळवणारे, मुहूर्त काढणारे आणि अक्षता टाकणारे सगळे एकाच वाड्यातले. मुलगी नाही म्हणाली तर काय करायचं, हा प्रश्न वाड्यात कुणाला पडलेलाच नाही.

आंतरराष्ट्रीय मोजपट्टी लावायची ती नेमकी इथे. बहुतेक तुलना निदर्शकांच्या संख्येपाशी अडकतात: त्यांचे इतके, आपले तितके, आपणही काही कमी नाही. संख्येत आपण कधीच कमी नव्हतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एफएससी या आंतरराष्ट्रीय वनप्रमाणीकरण संस्थेचं वैशिष्ट्य तिच्या दहा तत्त्वांपेक्षा तिच्या सभागृहात आहे. तिथे सदस्यांची तीन दालनं आहेत, आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय, आणि तिन्हींचं मत सारख्याच वजनाचं. लाकूड विकणाऱ्याला जितका आवाज, तितकाच जंगलात राहणाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्याला. दुसरी मोठी संस्था पीईएफसी, १९९९ ची. ती स्वतः मानक लादत नाही, देशोदेशीच्या योजना आपल्या कसोटीवर घासून मान्य करते. भारतातल्या एका संस्थेने तयार केलेली योजना तिने २०१९ मध्ये मान्यही केली होती. या दोन्ही संस्थांच्या मानकांत एक अट आहे जी आपल्या कार्यालयीन मराठीत अजून नीट बसलेली नाही: मूलनिवासींची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती. आपल्या पडताळ्यांत लोकांचा लाभ आहे, सहभाग आहे. सहभाग म्हणजे सतरंजीवर बसून सही करणं, हे कोणत्याही सरकारी शिबिराला गेलेला माणूस सांगेल. संमतीत नकार देण्याची सोय असते, आणि नकार दिला तर पुढचं काम थांबतं. हा फरक दोनशे पंचावन्नावा पडताळा जोडून भरून निघण्यातला नाही.

आणि ही संमती काही परक्या देशातून आयात करायला नको होती. वनहक्क कायदा २००६ चा, आपल्याच संसदेचा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क तो देतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हे हक्क २००९ मध्ये मिळाले. तरी स्वतःच्या जंगलातला बांबू बाहेर विकायला लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती पडायला २०११ उजाडलं, आणि तो द्यायला केंद्रीय मंत्र्यांना दिल्लीहून तिथवर यावं लागलं. कारण तोवर वादाचा मुद्दा होता की बांबू हे झाड आहे की गवत. वनस्पतिशास्त्राने ते गवत ठरवून बराच काळ लोटला होता. १९२७ च्या वन कायद्याला मात्र ते झाडच वाटत होतं, आणि जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला या झाडपणातून सुटका मिळाली ती २०१७ मध्ये. ज्या व्यवस्थेला गवत ओळखायला ९० वर्षं लागली, तिच्याकडून जंगलाच्या शाश्वततेचा दाखला घ्यायचा तर थोडा धीर धरायला हवा.

पण खरी गंमत कुऱ्हाडीची आहे. वनप्रमाणीकरण ही कल्पना जन्मली ती वृक्षतोडीच्या चिंतेतून. उष्णकटिबंधातली जंगलं लाकडासाठी साफ होत होती, म्हणून तोड किती, लागवड किती, ओंडका कुठून निघाला आणि कुठे पोचला याचा हिशेब मागितला गेला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलातली तोड बंद केली. आज आपल्या कारखान्यांत जाणारं बहुतेक लाकूड शेताच्या बांधावरून येतं: निलगिरी, सुबाभूळ, उत्तरेकडे पोप्लर. नैसर्गिक जंगल आता जातं ते प्रामुख्याने वळतीकरणाने. खाण, धरण, रस्ता, बंदर. प्रस्ताव येतो, शेरा पडतो, आणि इतके हेक्टर वनजमीन कागदावर वळती होते. कुऱ्हाड ही शेवटची, निव्वळ औपचारिक पायरी. प्रमाणपत्र मात्र कुऱ्हाडीचीच धार तपासत बसतं. उपासाला बसलेल्या माणसाचं रोज वजन करायचं, आणि त्याचं घर कोण विकतंय हे बघायचं नाही, अशातला हा प्रकार. घर विकण्याला मंजुरी देणारं मंत्रालय आणि वजनकाटा पुरवणारं मंत्रालय एकच आहे, हा योगायोग म्हणून सोडून देऊ.

एक योगायोग मात्र सोडवत नाही. ज्या डिसेंबरात ही योजना आली, त्याच डिसेंबरच्या पहिल्या तारखेला वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि कायद्याच्या लेखी ‘वन’ कशाला म्हणायचं याची व्याप्ती आकसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंतरिम आदेश देऊन सांगावं लागलं की तूर्त शब्दकोशातला अर्थच धरा. एका हाताने जंगल लहान करायचं आणि दुसऱ्या हाताने उरलेल्याला उत्कृष्टतेचा शिक्का मारायचा. उरलेलं जितकं कमी, तितकी गुणवत्ता राखणं सोपं. त्यातून मोजणीच्या वेळी जंगल पुन्हा मोठं होतं ते वेगळंच. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछाया असलेली कुठलीही जमीन वनाच्छादन ठरते, मालक कोणी असो, झाड कुठलंही असो. रत्नागिरीतली हापूसची भरगच्च बाग उपग्रहाला जंगलच दिसते. २०२३ च्या अहवालातलं २१.७६ टक्के वनाच्छादन या हिशेबाने आलेलं आहे. उलट पीईएफसी विचारते की ही लागवड नैसर्गिक जंगल हटवून केली आहे का, आणि ३१ डिसेंबर २०१० नंतर केली असेल तर सहसा दारातूनच परत पाठवते. आपल्याकडे जंगल हटवून दुसरीकडे झाडं लावली की त्याला पर्यायी वनीकरण म्हणतात. ग्रेट निकोबारच्या प्रकल्पात जाणाऱ्या वर्षावनाच्या बदल्यात हरियाणात झाडं लावण्याचं ठरलं, तेव्हा पर्याय या शब्दाचाही अर्थ बराच ताणला गेला.

यावर कुणी म्हणेल, परदेशी शिक्के तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? मुळीच नाहीत, आणि ते लपवायचं कारण नाही. एफएससीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक असलेल्या ग्रीनपीस इंटरनॅशनलने २०१८ मध्ये तिथून बाहेर पडणं पसंत केलं. युक्रेनमधलं बेकायदा तोडलेलं बीचचं लाकूड एफएससीच्या शिक्क्यासह एका जगप्रसिद्ध फर्निचर दुकानाच्या खुर्च्यांत पोचल्याचं अर्थसाइट या संस्थेने २०२० मध्ये मांडलं. एफएससीचा ‘मिक्स’ नावाचा एक शिक्का तर आपल्या मुंबईच्या बाजारात कोणीही ओळखेल: आंब्याच्या पेटीच्या वरच्या थरात देवगड, खाली कर्नाटक, आणि झाकणावर दोघांचं मिळून एकच नाव. तपासनिसाची फी अर्जदारच भरतो, हा दोष तर तिथेही आहे आणि इथेही. पण या आक्षेपाचा निष्कर्ष काय काढायचा? शेजाऱ्याचं कुलूप फुटलं म्हणून आपण दारच काढून ठेवायचं? मलेशियाचं उदाहरण बोलकं आहे. तिथली राष्ट्रीय योजना पीईएफसीने २००९ मध्ये मान्य केली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या सरकारी खरेदीसाठी लाकूड पारखणाऱ्या समितीने ती नापास केली. मूलनिवासींचे हक्क नीट राखले जात नाहीत आणि प्रमाणित जंगलही उद्या साफ करून दुसऱ्या कामाला लावता येतं, ही त्यातली ठळक कारणं. जंगल तेच, योजना तीच, फक्त तराजू धरणारा वाड्याबाहेरचा होता.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. परदेशी प्रमाणपत्र महाग, त्याचे कागद किचकट, आणि दोन एकर निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्याने ते का सोसावं? हे शंभर टक्के मान्य. जंगलाबाहेरच्या झाडांसाठी या योजनेने वेगळं मानक केलं, ते चांगलंच केलं. तिथे मालक सातबाऱ्यावर आहे, झाड त्याने लावलं आहे, आणि नको असेल तर अर्ज न करण्याचा हक्कही त्याच्याकडे आहे. म्हणजे संमतीची अट तिथे आपोआप पाळली जाते. मग जी मुभा बांधावरच्या निलगिरीच्या मालकाला आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणाऱ्या गावाला का नसावी, याचं उत्तर योजनेने द्यायला हवं.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध कायदा केला, त्यात प्रमाणपत्र जोडलं म्हणून आयातदाराची जबाबदारी सुटत नाही. लाकूड ज्या तुकड्यावरून आलं त्याचे अक्षांश-रेखांश द्या, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथलं जंगल गेलेलं नाही हे दाखवा. म्हणजे शब्दप्रमाण पुरे, प्रत्यक्ष आणा. हे प्रत्यक्ष त्यांनाही इतकं जड गेलं की अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलावी लागली, ते सोडा. आपल्या डेपोत सागाच्या थप्पीतल्या प्रत्येक ओंडक्याच्या कापल्या तोंडावर क्रमांक असतो, लांबी आणि गोलाई असते, वर हातोड्याने ठोकलेली खात्याची खूण असते. ओंडका कुठल्या जंगलातला, हे खात्याला पूर्वीपासून सांगता येतं. त्या जंगलाच्या गावाला विचारलं होतं का, एवढीच एक खूण त्यावर नाही.

देशातल्या वनविभागांत वनव्यवस्थापनाचं एफएससी प्रमाणपत्र सर्वात आधी मिळवलं ते गडचिरोलीच्या भामरागड वनविभागाने. मुदत संपली, प्रमाणपत्रही संपलं. उद्या नव्या योजनेखाली तिथे तपासनीस जातील तेव्हा मंत्रालयाने एवढंच करावं: अहवाल संकेतस्थळावर इंग्रजीत टांगण्याआधी तो मराठीत आणि माडियात ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा, आणि सभेने नकार दिला तर तो पहिल्या पानावर छापावा.