काहीही न करण्याचे शास्त्र

जुन्या मोटारींच्या मालकांमध्ये स्थूलमानाने दोन संप्रदाय आढळतात. पहिला पुनर्स्थापनवाद्यांचा असून, गाडी पूर्ण उघडून, पत्रा घासून आणि नवा रंग चढवून ती कारखान्यातून निघाली त्या दिवशीही नव्हती इतकी चकचकीत करणे हे त्याचे ध्येय असते. दुसरा परिरक्षणवाद्यांचा असून, गाडी आहे तशी, म्हणजे मूळ रंग, मूळ गाद्या आणि शक्य तेवढ्या मूळ कुरकुरींसह टिकवावी, असे त्याचे मत असते. पहिल्या संप्रदायाला पैसा लागतो. दुसऱ्याला पैशाबरोबरच निगरगट्टपणाही लागतो, कारण वर्षभर खपून झाल्यावर पाहुण्याने ‘गाडीचे काहीच केले नाही वाटते?’ असे विचारावे, हेच त्याच्या साधनेचे सर्वोच्च प्रशस्तिपत्रक असते.

या दुसऱ्या मताला अलीकडे जागतिक प्रतिष्ठा लाभली आहे. अमेरिकेत पेबल बीच येथे 1950 पासून भरणाऱ्या मोटारींच्या सौंदर्यस्पर्धेत मूळ स्थितीतील गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, आणि ‘फिवा’ या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये संमत केलेल्या तुरिन सनदेत वापराच्या खुणा हा वाहनाच्या इतिहासाचाच भाग मानून हस्तक्षेप शक्य तितका कमी ठेवण्यावर भर दिला आहे. महाराष्ट्रातील परिरक्षणवाद्याला या सनदेबद्दल विशेष जिव्हाळा वाटण्याचे कारण असे, की तुरिन हे फियाट कंपनीचे गाव, आणि म्हणून प्रीमियर पद्मिनीचे आजोळ होय.

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या, त्यांतील सुरुवातीच्या गुबगुबीत गाडीला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ हे नाव मोठ्या प्रेमाने बहाल केले, आणि पुढे आलेल्या चौकोनी घाटाच्या फियाट 1100 ला 1974 च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ हे राजघराण्यातले नाव मिळाले. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, पुढच्या दारांच्या तिकोनी काचा आणि थंडीत इंजिनाला पेट्रोलाचा अंमळ जास्त अंश मिळावा म्हणून ओढायचा चोक, ही तिची ठळक लक्षणे होत. परवाना-राज्याच्या काळात नोंदणी केल्यानंतर गाडी दारात येईपर्यंत वर्षे लोटत असल्यामुळे ती मिळवणाऱ्या पिढीने तिचा दरवाजा कधी आपटला नाही, आणि आज मूळ स्थितीत सापडणाऱ्या पद्मिनींपैकी पुष्कळशा गाड्यांचे श्रेय या धास्तीला द्यावे लागते.

अशा गाडीचा पहिला शत्रू गंज होय, आणि तो वरून नव्हे तर आतून येतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे धुळीने बुजतात, पायाखालच्या रबरी चटईखाली पावसाळाभर ओल राहते, आणि मालकाने काळजीपोटी घातलेले प्लास्टिकचे आच्छादन ती ओल आतच कोंडून ठेवते. म्हणून छिद्रे मोकळी ठेवणे, चटई उचलून वाळवणे आणि सुती आच्छादन वापरणे हा या संप्रदायाचा नित्यनेम ठरतो. ब्रेकचे पाइप, टायर आणि पेट्रोलच्या नळ्या यांना मात्र मूळपणाचा नियम लागू नाही, कारण रबर मुदतीने मरते आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराची ती मुदत आणखी आखडते. ब्रेक मूळचा राखण्याच्या हट्टापायी मालकच इतिहासजमा होण्याचा संभव असतो.

दुसरा आणि अधिक चिवट शत्रू म्हणजे हितचिंतक. गाडीच्या रंगावर वयानुसार जी मंद, किंचित पिठूळ छटा चढते तिला जाणकार ‘पॅटिना’ म्हणतात व तिच्यासाठी चढी किंमत मोजतात; गॅरेजातला मिस्त्री मात्र तिला ‘रंग उडाला’ असे म्हणतो आणि आठ दिवसांत गाडी नवीकोरी करून देण्याची धमकी देतो. सोसायटीचा रखवालदार उपकारबुद्धीने काथ्याने बॉनेट घासतो, आणि मेहुणा वाढदिवसाला फर कापडाची सीट-कव्हरे आणतो, जी नाकारता येत नाहीत व घालताही येत नाहीत. मात्र सर्वांत बिकट प्रसंग दसऱ्याचा होय, कारण त्या दिवशी वाहनपूजेच्या निमित्ताने बॉनेटवर हळद-कुंकवाचे स्वस्तिक उमटते, आणि ते पुसावे तर घरातील ज्येष्ठांचा रोष ओढवतो, ठेवावे तर रंगाला डाग पडतो. यावर काही मालकांनी सनदेचाच आधार घेऊन तोडगा काढला आहे: पन्नास दसऱ्यांचे कुंकू ही वापराची अस्सल खूण असल्यामुळे ती आता जपणे भाग आहे. हा तोडगा तुरिनच्या विद्वानांना मान्य होईल की नाही हे सांगता येत नसले, तरी सासूबाईंना तो तत्काळ मान्य होतो.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी या साधनेला कायद्याचे अधिष्ठान दिले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. त्यामुळे ज्याने पन्नास वर्षे निव्वळ आळसापोटी गाडीला हात लावला नाही, तो आता पूर्वलक्षी प्रभावाने वारशाचा रक्षक ठरतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांखेरीज रस्त्यावर नियमित फिरवता येत नाही, असेही हे नियम सांगतात. पुष्कळ गाड्यांनी हा निर्णय नियमांच्या कितीतरी आधी स्वतःच घेतलेला असतो. एवंच, गाडीने जागेवरून हलू नये या एका मुद्द्यावर सरकार आणि खुद्द गाडी यांचे एकमत आहे. मतभेद आहे तो केवळ गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारी समितीचा, आणि तो दर वार्षिक सभेत, पार्किंगच्या विषयाखाली, रीतसर इतिवृत्तात नोंदवला जातो.