घरगुती वाय-फायचे सत्तांतर : विधी आणि निषेध

फायबर जोडणीसोबत येणारा डबा ग्राहकाच्या भिंतीवर टांगलेला असतो, त्याचे वीजबिलही ग्राहकच भरतो. राज्य मात्र इंटरनेट कंपनीचे असते. प्रकाशाच्या संदेशांचे विजेच्या संदेशांत रूपांतर करणारा ओएनटी आणि वाय-फाय पसरवणारा राऊटर त्यात एकत्र नांदतात. टीआर-०६९ या प्रणालीमुळे कंपनी आपल्या कार्यालयातूनच डब्याच्या सेटिंग बदलू शकते. स्वतःचा राऊटर आणणे हा या पारतंत्र्यावरील मान्य उपाय होय.

पहिला विधी याचनेचा. कंपनीच्या डब्याने राऊटरपद सोडून निव्वळ ओएनटी म्हणून उरावे, यासाठी तो ब्रिज मोडवर टाकून घ्यावा लागतो. ही मागणी ऐकताच ग्राहकसेवा डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगते. तसे करावे, एरवी संभाषण पुढे सरकत नाही. मग पीपीपीओईचे युजरनेम, पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅन क्रमांक मिळवून नव्या राऊटरमध्ये भरावेत. केबलवाल्याने जोडणी जुन्या यंत्राच्या मॅक पत्त्याशी बांधली असेल, तर ‘मॅक क्लोन’ वापरून नव्याला जुन्याचे सोंग देता येते. सोंगाची सोय उत्पादकानेच केलेली असल्याने संकोच नसावा.

ब्रिज मोड नाकारला गेल्यास नवा राऊटर जुन्याच्या मागे जोडावा. यात पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. मालिका पाहणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नसते, ऑनलाइन खेळणारे मात्र तक्रार करतात. दोन्ही राऊटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर हक्क सांगत असतील, तर नव्याने १९२.१६८.५०.१ वर बिऱ्हाड हलवावे. जुन्याचे वाय-फाय बंद करावे.

राऊटर घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा. लोखंडी कपाट आणि माशांची टाकी टाळावी. त्यावरचा क्रोशाचा रुमाल हटवण्याचा हट्ट धरू नये. कापडातून लहरी सहज जातात आणि रुमाल विणणाऱ्या व्यक्तीसोबत घरात राहायचे असते. हवेची छिद्रे तेवढी उघडी असावीत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी सोसायटीत कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. डब्ल्यूपीएस बंद, डब्ल्यूपीए-३ चालू. स्मार्ट टीव्ही आणि बल्ब यांना गेस्ट नेटवर्कवर बसवावे. ते घरातलेच असले, तरी बाहेर कोणाशी बोलतात याची खात्री नसते.

रात्री दहानंतर मुलांचे इंटरनेट तोडणे, हे बहुतेक सत्तांतरांचे खरे उद्दिष्ट. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन राऊटरला खासगी मॅक पत्ता दाखवतात. ती सोय बंद केली की तोच फोन अनोळखी ठरतो आणि बंदी जुन्या पत्त्यावर पहारा देत बसते. म्हणून नियम उलटा लिहावा : ओळखीच्या पत्त्यांना प्रवेश, बाकी सर्वांना मज्जाव. मोबाइल डेटा राऊटरच्या हद्दीत येत नाही.

ओएनटी आणि राऊटर या दोघांनाही यूपीएस वा इन्व्हर्टर जोडलेला असावा; एरवी दिवे जाताच वरील सर्व अधिकार वीज कंपनीकडे जातात.