लेवीयातलं लीकेज

दर जानेवारीत वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प होतो आणि फेब्रुवारीत तो लेवीयाच्या पुस्तकात रुतून बसतो. उत्पत्तीत भावाभावांची भांडणं आहेत, निर्गमात समुद्र दुभंगतो. वाचणाऱ्याचं बरं चाललेलं असतं. मग लेवीयाचे २७ अध्याय: चरबी, गुरदे, राख, आणि अंगावरच्या चट्ट्यातला केस पांढरा की पिवळा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, म्हणजे या केसातूनही त्या गेल्या असणार. थोर बाई.

माझं लेवीयाशी जमलं ते पावसाळ्यात. ऐरोलीत खाडीवरून येणारा पाऊस भिंतीला तिरका झोडपतो. बेडरूमची भिंत आधी फुगली, मग पोपडे सुटले, मग कपाटामागे हिरवट नकाशा उमटला. सोसायटीत निदान करणाऱ्यांना तोटा नाही. एक म्हणाले वरच्यांचं बाथरूम, दुसरे म्हणाले बाहेरची भेग, तिसऱ्यांनी मोबाइलवर होकायंत्र काढून ईशान्य शोधली. आई पलंगावरूनच म्हणाली, "लेवीय काढ रे, चौदावा अध्याय. सगळं लिहून ठेवलंय."

आणि खरंच लिहून ठेवलंय! घरमालकाने याजकाकडे जाऊन एवढंच सांगायचं, की घरात काहीतरी चट्ट्यासारखं दिसतंय. निदान त्याने करायचं नाही. (हे आमच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं.) याजक यायच्या आत सामान बाहेर काढायचं, कारण एकदा घर अशुद्ध ठरलं की आतलं सगळंच अशुद्ध. देवाला भांड्याकुंड्यांची इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. मग पाहणी: हिरवट की तांबूस, वरवरचं की खोल. घर सात दिवस बंद. डाग पसरला तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाका, आतून सगळं खरवडा, नवे दगड, नवा गिलावा. तरीही परत उगवला तर घरच पाडा. आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन हेच होतं. शेवटची पायरी तेवढी त्याने हसत सांगितली.

गंमत म्हणजे हे नियम ऐकणारे इस्राएली लोक तेव्हा कनान देशाच्या वाटेवर, वाळवंटात, तंबूत. भिंतच नाही तर ओल कुठली? पझेशनच्या आधीच लीकेजची नियमावली! पण बुकिंगचे पैसे भरून भाड्याच्या खोलीत वर्षं काढलेल्या माणसाला यातलं आश्वासन बरोबर कळतं: तुला भिंती मिळणार आहेत, इतक्या खऱ्या, की त्या गळतीलसुद्धा.

खाडीपलीकडे ठाण्यात बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. तोरा, म्हणजे लेवीयासकट बायबलची पहिली पाच पुस्तकं, दरवर्षी पूर्ण वाचायची त्यांची रीत. कंटाळा आला म्हणून उडी मारायची सोय नाही. अशा वाचनातूनच माणसाला काहीबाही सुचत असावं. अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार राशी सांगतात, की घराचा हा डाग म्हणजे शुभवार्ता. कनानातल्या अमोरी लोकांनी भिंतींत सोनं दडवलं होतं. डागापायी भिंत फोडली की ते हाती यावं.

मी गवंड्याच्या पाठीशी उभाच राहिलो. गिलावा उतरला, दोन विटा निघाल्या. आत एक चपटी बाटली (रिकामी), गुटख्याच्या पुड्या आणि कशालाच न जोडलेला पाइपचा तुकडा. आईने बाटली धुऊन त्यात मनीप्लांट लावला.

आता प्रश्न बिलाचा. वरचे म्हणतात सोसायटीने भरावं, सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. मी अध्याय पुन्हा शोधून काढला; लेवीयात वरच्या मजल्याबद्दल अवाक्षर नाही. आई म्हणते, थांब, पुढचं पुस्तक गणना आहे, त्यात हिशेबच हिशेब आहेत.