अख्खी गाडीच तीट

काळी गाडी घेऊ नका, असं मला सगळ्यांनी सांगून पाहिलं. मेव्हण्याने सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, शोरूममधला पोरगासुद्धा दोनदा पांढऱ्या गाडीपाशी घेऊन गेला. पण फोर्डने 1914 ते 1925 अशी बारा वर्षं मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, हे मी वाचलेलं होतं; आणि वाचलेल्या माणसाला सांगून उपयोग नसतो. फोर्डच्या गिऱ्हाइकांच्या नशिबी पुण्यातल्या बोअरचं पाणी नव्हतं, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नाही.

गाडी दारात आली. बायकोने औक्षण केलं आणि म्हणाली, "बरं झालं. वेगळी तीट लावायला नको. अख्खी गाडीच तीट."

पांढऱ्या गाडीवर धूळ बसते. काळ्या गाडीवर ती प्रदर्शन भरवते. रात्री टपावर निजलेलं मांजर कुठून चढलं आणि कुठून उतरलं, हे सकाळी पंचनाम्यासारखं वाचता येतं. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे गोल ठिपके उमटतात. त्यात आमचा गाडी पुसणारा मुलगा एका बादलीत आणि एका फडक्यात चौदा गाड्या करतो. आमची चौदावी. म्हणजे तेरा गाड्यांची रेती आमच्या बॉनेटवर फिरते. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली पाहिलं तर दिव्याभोवती चक्क कोळ्याचं जाळं! खरं तर ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, पण प्रकाशाला आडवे येतील तेवढेच चमकतात आणि जाळं गोल दिसतं. मी मान डावीकडे नेली, जाळंही डावीकडे सरकलं. उजवीकडे नेली, तेही उजवीकडे. वॉचमन लांबून बघत होता. त्याला वाटलं, साहेबांच्या अंगात आलंय.

खंडेनवमीला मी शस्त्रं परजली. पॉलिशची बाटली, वॅक्सचा डबा आणि माझं निवृत्त बनियन. ऑक्टोबरचं ऊन, सकाळचे अकरा, बॉनेटवर पापड भाजून निघाला असता. मी भाकरीवर लोणी थापावं तसं, हात न आखडता, टपापासून डिकीपर्यंत सगळ्या गाडीला एकदमच वॅक्स थापलं. वाळू दे म्हटलं, आणि जेवून जरा लवंडलो.

चार वाजता खाली आलो तेव्हा गाडीच्या जागी शाडूचा गणपती उभा होता, रंगवण्याआधीचा. बनियनने पुसायला लागलो. पांढरं निघेना, इकडचा ढग तिकडे जाई, तिकडचा इकडे. आरशांभोवतीचं काळं प्लास्टिक तर पेस्ट न धुता शाळेत गेलेल्या पोराच्या ओठांसारखं दिसत होतं. बायको गॅलरीत आली.

"अहो, भस्म फासलंत का हिला?"

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या रंगकाम करणाऱ्या चाचांना गाठलं. त्यांनी काही न बोलता हाताची मागची बाजू बॉनेटला लावली, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तशी.

"साहेब, हिला ताप आहे. तापात कोणी तेल चोळतं का?"

मग बॉनेटवर टेकून त्यांनी माझी शिकवणी घेतली. पॉलिश रंगाचा वरचा थर घासून काढतं. वॅक्स त्यावर पातळ साय धरतं. हा वरचा पारदर्शक थर असतो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. (बोलताना चाचांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि उदाहरण आवरतं घेतलं.) डब्यातलं कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. ते एवढं कडक, की द्रावकात कालवल्याशिवाय गाडीवर पसरत नाही. हात पातळ असला तर द्रावक उडून जातं आणि उरलेली भुकटी फडक्याच्या एका फेरीत निघते. जाड थापलं की वरून वाळतं, आत ओलं राहतं, आणि पुसलं की फासलं जातं. उन्हात तर ते तव्याला करपलेल्या धिरड्यासारखं चिकटून बसतं. खाली पॉलिशचं तेलकट अंग राहिलं असेल तर ढग दुप्पट. सफेद गाडीवर हे सगळं असतंच, चाचा म्हणाले, फक्त दिसत नाही. हे ऐकून मला पांढऱ्या गाडीवाल्यांबद्दल पहिल्यांदाच संशय आला.

"बोटाने एक रेघ ओढायची. रेघ साफ उठली तर पुसा. फराटा आला तर चहा पिऊन या."

दसऱ्याच्या दिवशी पहाटे पाचला, गाडी गार असताना, मी पुन्हा सुरुवात केली. हलक्या हाताने पॉलिश फिरवून आदल्या दिवसाचं पाप काढलं. मग एका वेळी एकच दार आणि वॅक्स हरभऱ्याएवढं. फडकी दोन, दोन्ही मायक्रोफायबरची: एक काढायला, दुसरं चमकवायला. चौघडी घालून दर वेळी नवी बाजू वर. एक फडकं हातातून निसटून फरशीवर पडलं, ते तिथेच सोवळ्यातून उतरलं. एक खडा अडकला तरी पुन्हा कोळ्याला आमंत्रण. तीन दारं झाल्यावर मी वाकून पाहिलं. दारात मी होतो. सगळा, पोटासकट, आणि माझ्याभोवती एकही ढग नव्हता. मी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. वॉचमन पुन्हा बघत होता. या वेळी मी त्याला बोलावून दाखवलं. त्याने दारात बघून मिशा सारख्या केल्या.

आठ वाजता बायको ताम्हण घेऊन खाली आली. झेंडूचा हार घातला, लिंबू ठेवलं आणि ओल्या कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं. पहिली रेघ ओढली आणि तिचे टपोरे लाल मणी झाले. दुसरी ओढली, तिचेही मणी. सगळे मणी एकमेकांत मिसळून घरंगळत थेट नंबरप्लेटवर गेले.

"अहो, ही गंध धरत नाहीये."

माझा ऊर भरून आला. वॅक्स असं धरलेलं असतं, हे मी तिला समजावून सांगू लागलो.

"ते असू दे. मुहूर्त टळतोय," तिने साबणाचं फडकं माझ्या हातात दिलं. "तळहाताएवढं पुसून द्या."