दणकट यंत्र, नाजूक बांध

सर्वेक्षणाला हातात मावणारं जीपीएस यंत्र आलंय. दर्जा आयपी ६७. म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी ते जगतं. ते धरून मे महिन्याच्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाबद्दल माहितीपुस्तिकेत अवाक्षर नाही.

अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली, तेव्हापासून अशी साधी यंत्रं उघड्या आभाळाखाली तीन-पाच मीटरच्या आत नेम धरतात. आपल्याकडे बांधाचं भांडण असतं वीतभराचं! पडद्यावर दोघे भाऊ कधी एकमेकांच्या शेतात, तर कधी दोघेही ओढ्यात. अक्षांश-रेखांशात दशांशचिन्हापुढे आकडे मात्र सहा. सहावा आकडा सुमारे अकरा सेंटीमीटरचा, म्हणजे यंत्राची थाप आत्मविश्वासाने मारलेली. तेहतीस फुटी साखळीवाला मोजणीदार चुकला तर त्याला चार शब्द सुनावता तरी यायचे. उपग्रहाला कुठे गाठणार?

झाडाखाली उभं राहिलं की नेम आणखी ढळतो. म्हणून यंत्रवाला उन्हात, साहेब आंब्याखाली.