टेम्पररिली

माझे इंग्रजी चांगले आहे, हे दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत मी थांबत नाही. त्यातून क्रियाविशेषणांत माझा हात धरणारा आमच्या सोसायटीत तरी कोणी नाही. विमान 'मोमेंटरिली' उतरेल, असे अमेरिकन हवाईसुंदरी सांगते, तेव्हा सगळे पट्टे आवळतात आणि मी गालात हसतो. अमेरिकेत त्याचा अर्थ 'क्षणभरात', पण जुन्या ब्रिटिश वळणाने 'क्षणभरच'. म्हणजे बॅगा घ्या आणि उड्या मारा! शेजारच्या सीटवाल्याला मी हे समजावून सांगतो. तो मोमेंटरिली ऐकतो आणि कानांत हेडफोन घालतो.

या शब्दांचे खानदानच वेळ न पाळणारे. 'सून' म्हणजे मुळात ताबडतोब. 'प्रेझेंटली'ही तसाच, आणि 'अनॉन'सुद्धा. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात (छापला 1598 साली) गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवतो, राजपुत्राचा दोस्त आतून हाका मारत राहतो, आणि हा मधल्या मधे 'अनॉन'चा धोशा लावतो. हाका मारणाऱ्यापर्यंत काही पोचत नाही! त्याच नाटकातल्या फॉल्स्टाफपेक्षा मला हा पोऱ्या प्रिय आहे, आणि हे मी इंग्रजीच्या प्राध्यापकांसमोर मुद्दाम म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या लोक 'आलोच' म्हणाले आणि आले नाहीत. शब्द बिचारा किती दिवस 'ताबडतोब' राहणार?

सोसायटीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा पाटी लिहायचा मान अर्थातच माझा. सेक्रेटरी नुसतेच 'लिफ्ट बंद आहे' लिहायला निघाले होते. मी 'टेम्पररिली' घातले, तेही स्पेलिंग न बघता. सेक्रेटरींनी पाटी लॅमिनेट करून आणली. मग गणपती आले, गेले. चिकटपट्टी पिवळी पडली, अक्षर मात्र अजून ठसठशीत आहे. पाहुणे कौतुक करतात.

चौथ्या मजल्यावरच्या आजींना इंग्रजी येत नाही. गुडघ्यांमुळे त्या तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढतात. "लिफ्ट कधी हो सुरू होणार?" त्या गॅलरीतून विचारतात. "होईलच एवढ्यात," मी मान वर करून सांगतो. तेव्हा मी फ्रान्सिस असतो, फक्त वयाने मोठा. मेंटेनन्सला उशीर झाला की मात्र व्याज लागते. तिथे कुणाचे क्रियाविशेषण चालत नाही.

तर सभासदहो, रविवारी सभा आहे. विषय एकच. तळमजल्यावरच्यांनीही यावे, 'आम्ही लिफ्ट वापरतच नाही' हे त्यांचे भाषण मागच्या सभेत ऐकून झाले आहे.