दोघांतला म्हातारा कोणता?

सरकारी माणसाचं एक बरं असतं. महाराष्ट्रात ५८ वर्षं भरली की त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्याला मोकळं करतात. तो कामाचा उरला होता की नव्हता, हे कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर पुष्कळांना ३५व्या वर्षीच घड्याळ द्यावं लागलं असतं. अडचण होते ती ज्यांच्या नोकरीला जन्मतारखेचा दाखलाच नसतो त्यांची. गवई, पुढारी, पहिलवान आणि शर्यतीची जनावरं. यांनी कधी थांबावं हे ठरवायला दुसऱ्यांना बसावं लागतं, आणि आमच्याकडे एकदा बसलेल्या माणसाला उठायची घाई नसते.

मुंबई-पुण्याकडे हा प्रश्न घोड्यांच्या बाबतीत पडतो. पण तिथे सगळं कागदावर असतं. प्रत्येक घोड्याला गुण दिलेले असतात. गुण चढले की पाठीवर वजन जास्त, उतरले की कमी. घोडा म्हातारा होत गेला की गुण घसरतात, तो खालच्या वर्गात जातो, पाठीवरचं ओझं हलकं होतं आणि कधीकधी त्या वर्गात पुन्हा एखादी शर्यत मारूनही जातो. म्हातारपणाची इतकी काळजी माणसांच्या कचेरीत घेतल्याचं मी पाहिलं नाही. शिवाय नामांकित घोड्याची निवृत्ती म्हणजे बढतीच. सत्तरच्या दशकातला स्क्वाँडरर १९ शर्यती धावला आणि त्यातल्या १८ जिंकला. असा घोडा पळायचा थांबला की त्याला स्टड फार्मवर पाठवतात, आणि पुढचं आयुष्य त्याने काय करत घालवायचं हे मी कुटुंबवत्सल वाचकांना सांगत बसत नाही. आमच्या बैलाला ती सोय नाही. बहुतेकांची ती सोय त्यांना न विचारता लहानपणीच काढून घेतलेली असते.

आम्हा वऱ्हाडी लोकांचा घोड्याशी संबंध वरातीपुरता. तोही घोडा भाड्याचा, आणि बँडवाल्यांपेक्षा नवरदेवालाच जास्त घाबरलेला. आमची शर्यत बैलांची, म्हणजे शंकरपट. कापूस वेचून होत आला, तूर सोंगायला आली, थंडी अंगाला लागायला लागली की गावोगावचे पट सुरू होतात. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव सगळ्यांत मोठं. तिथे बायकासुद्धा जोड्या हाकतात, आणि ते पाहायला आलेले पुरुष आपापल्या घरी धुरा कोणाच्या हातात आहे याचा विचार न करता टाळ्या वाजवतात. हलका छकडा, दोन बैल, एक धुरकरी. निशाण पडलं की काही सेकंदांचा खेळ. त्या सेकंदांसाठी वर्षभर सरकी-ढेप, चुनी, हिरवा चारा आणि सकाळ-संध्याकाळची मालिश. निकाल घड्याळावर, सेकंद आणि त्याच्या पुढचे पॉइंट. हे पॉइंट आल्यापासून भांडणं कमी होतील असं वाटलं होतं. आता पॉइंटावरून होतात.

घोडा आणि बैल यांच्यातला खरा फरक इथे आहे. घोडा एकटा धावतो, एकटा हरतो, एकटा म्हातारा होतो. त्याचा सगळा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर असतो. पटाचा बैल जोडीत धावतो. जोडीला अर्धा सेकंद जास्त लागला तर तो अर्धा सेकंद दोघांपैकी कोणाच्या नावावर मांडायचा? घड्याळ एवढंच सांगतं की जोडी मागे पडली. कोणता बैल मागे पडला हे सांगणारं घड्याळ अजून निघालेलं नाही.

माझ्या मूर्तिजापूरकडच्या मामांच्या दावणीला अशी एक जोडी आहे. एकेकाळी पंचक्रोशीत नाव होतं. गेल्या दोन हंगामांत मात्र बक्षीस नाही. मारुतीच्या पाराशेजारच्या ओट्यावर या जोडीच्या निवृत्तीचा विषय कित्येक संध्याकाळी चालला. मी सुट्टीत गेलो तेव्हा तो ऐन रंगात आला होता.

मामांचं म्हणणं ठाम होतं. “जोडी कमी नाई झाली भाऊ. घड्याल जास्त पयू रायलं.”

ओट्यावर दोन पक्ष होते. एका पक्षाच्या मते उजवा दमला. तो शेवटच्या टप्प्यात मान टाकतो, डावा बिचारा त्याला ओढत नेतो. दुसऱ्या पक्षाच्या मते उजवा वाघ आहे. डावा आयुष्यभर त्याच्या भरवशावर धावला, आणि आता त्याची पोल उघडी पडली. तिसरा एक म्हातारा होता. तो दोन्हीकडे मान डोलवायचा आणि तंबाखू मळायचा. मग कोणीतरी म्हणालं, वय तरी पाहून घ्या.

बैलाचं वय पाहणं ही आमच्याकडे सगळ्यांनाच येणारी विद्या आहे. एका हाताने वेसण धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा गालफडात घालून खालचा ओठ उलटा करायचा. वरच्या बाजूला पुढचे दात बैलाला नसतातच, त्यामुळे खालच्या आठांवर सगळा इतिहास. दुधाचे दात असेपर्यंत अदंत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. इथवर बैलाचं वय पोथीसारखं वाचता येतं. जुळेपर्यंत साधारण चार-पाच वर्षं होतात. त्याच्या पुढे मात्र फक्त झीज, फटी आणि वाचणाऱ्याची मर्जी. परतवाड्याच्या बाजारात विकणारा म्हणतो आत्ताच जुळला, घेणारा म्हणतो आजोबा आहे, आणि दलाल रुमालाखाली दोघांची बोटं दाबून या दोन वयांच्या मधलं एक वय ठरवतो. मामांच्या दोन्ही बैलांचे ओठ त्या दिवशी उलटून झाले. उजव्याचे दात झिजलेले. डाव्याचेही झिजलेले. उजव्याने एवढं करून मामांच्या सदऱ्याला लाळ पुसली.

जनावरांच्या डॉक्टरकडून काही कळावं, तर त्यांनी आणखी घोळ केला. आता पटाला नियम आहेत. चाबूक नको, काठी नको, अंतर एक हजार मीटरच्या आत, आणि बैल धावायला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. दाखल्याच्या कागदावर बैल वेगवेगळे असतात, जोडी नसते. डॉक्टरांनी दोघांनाही तपासून दोघांनाही योग्य ठरवलेलं. दोन्ही बैल धड आणि जोडी मात्र मागे, तर मग तिसरा कोण उरला, असा प्रश्न त्या तंबाखूवाल्या म्हाताऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडून विचारला. सगळ्यांनी मामांच्या थोरल्या मुलाकडे पाहिलं. तो धुरकरी. लग्न झाल्यापासून तो बराच अंगाला लागला आहे. घोड्यांच्या शर्यतीत जॉकीला धावण्याआधी आणि नंतरही काट्यावर उभं करतात, किलोचा हिशेब ठेवतात. आमच्या पटात धुरकऱ्याचं वजन करायची चाल नाही. मामींनी चहा देतादेता सांगून टाकलं, “ढेप दोघं खाते, अन् माज तिघायले येते.” तिघांतला तिसरा कोण, मुलगा की मामा, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

या जोडीला उशिरा सुरुवात झाली, असं मामा सारखं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या जलिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांना होणाऱ्या जाचाचा प्रश्न खोटा नव्हता. शेपट्या पिरगाळणारे आणि पराणीला खिळे लावणारे महाभाग मीही पाहिले आहेत, त्यांच्यासाठी मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते २०१४ साली चार दाती असलेल्या बैलाचं. तो पहिल्या पटाला निघाला आणि पट बंद झाला. पुन्हा सुरू झाला तेव्हा तो दहाच्या पुढे गेलेला. पदभरतीची जाहिरात निघेपर्यंत वयात न बसणाऱ्या आमच्या अकोल्या-अमरावतीच्या पोरांसारखं त्याचं झालं. तयारी पूर्ण, परीक्षाच नाही. अशा बैलाच्या कारकिर्दीचं मूल्यमापन कसं करायचं? शून्य शर्यती, शून्य पराभव.

मामांचा धाकटा अमरावतीला कॉलेजात आहे. त्याने मोबाइलवरून जगभराचे दाखले काढले. जपानात कोचीच्या रेसकोर्सवर हारू उरारा नावाची एक घोडी होती. ती ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. हरत गेली तसतशी लोकप्रिय झाली; तिच्यावर लावलेली हरलेली तिकिटं लोक शुभ म्हणून जपून ठेवायचे. २००४ साली देशातला सगळ्यांत नावाजलेला जॉकी तिच्यावर बसवला, तेव्हा ती अकरा घोड्यांत दहावी आली. हे ऐकून ओट्यावर शांतता पसरली. “म्हंजे एकाले तं हरवलंच ना,” मामा म्हणाले. त्यांना एकदम बळ आलं.

दुसरा दाखला इंग्लंडच्या रेड रमचा. ग्रँड नॅशनल ही तिथली सगळ्यांत खडतर शर्यत त्याने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकली. तिसऱ्या वेळी तो बारा वर्षांचा होता. मधल्या दोन वर्षी दुसरा आला, तेव्हा तिथल्याही ओट्यांवर ‘आता बस करा’ म्हणणारे असतीलच. १९७८ ला शर्यतीच्या आदल्या दिवशी पायाच्या दुखण्याने तो बाहेर पडला आणि निवृत्त झाला. पुढे १९९५ पर्यंत जगला. निवृत्तीनंतर काय केलं, तर दुकानांची उद्घाटनं. घोड्याला फीत कापता येत नाही एवढाच काय तो आमच्या माजी आमदारांत आणि त्याच्यात फरक.

आमच्याच मूर्तिजापुराने कोणाला कधी थांबवायची घाई केली म्हणा! मूर्तिजापूर-यवतमाळ धावणाऱ्या शकुंतला गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. सत्तर वर्षांत त्याचे दात कोणी तपासले नाहीत. धाप लागायची, पण ती धाप लागण्यासाठीच बनवलेली वस्तू होती.

बैल थांबवला तर पुढे काय, हा प्रश्न ओट्यावर कोणी मोठ्याने विचारत नाही. पूर्वी जे व्हायचं त्याबद्दलही बोलत नाहीत. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल म्हणजे दावणीचा कायमचा धनी. शेताला ट्रॅक्टर आला. पटाच्या बैलाने आयुष्यात वखर ओढलेला नसतो, त्याला आता काय शिकवणार? गोरक्षणात पाठवावा तर मामींच्या डोळ्यांना पाणी येतं. या त्याच मामी, ढेपेच्या भावावरून रोज बोलणाऱ्या. म्हणजे खाऊन-पिऊन निवांत बसणं एवढंच उरतं, आणि ते जोडीतल्या एकालाच दिलं तर दुसऱ्याने काय करायचं? नवा जोडीदार आणला तर चालीशी चाल जुळायला एखादा हंगाम जातो, कधी जुळतच नाही. मामांचा सगळा जीव तिथे अडकलेला होता. एक बैल थांबवायला ते केव्हाच तयार होते, फक्त कोणता ते सांगा म्हणत होते.

शेवटी तंबाखूवाल्या म्हाताऱ्याने तोड काढली. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ छापला, त्यात पोळ्याच्या मखराचं वर्णन आहे. गावातल्या एका म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना लाकडी मखर बांधायचं, त्यावर मशाली लावायच्या, आणि सगळ्यांच्या पुढे त्याला आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून न्यायचं. तोरण त्याने तोडायचं, मग बाकीच्यांचा पोळा फुटायचा. ग्रंथाचं नाव त्या म्हाताऱ्याने ऐकलेलं नव्हतं, पण मखर त्याच्या आज्याने बांधलेलं होतं. म्हातारपण हीच जिथे पात्रता आहे असा एवढा एकच पट आम्ही निर्माण केला. आणि त्यात पहिलं यायला पळावं लागत नाही. “दोघांईले तोरनाखाली उभे करा,” तो म्हणाला. “जो आंगानं पुढं जाईन तो मखराचा मानकरी. त्याची पेन्शन सुरू. दुसरा पटात.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघांचे खांदे हळद-तुपाने शेकले, दोघांनाही आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी बेगड, झूल, नवी वेसण, नवा कासरा, सगळं जोडीनेच. संध्याकाळी वाजंत्री आली, झडत्या झाल्या, माणसं दोन्ही पक्षांत वाटून उभी राहिली. मामांनी कासरे सैल सोडले. उजवा जागचा हलला नाही. डाव्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तोही हलला नाही. ढोलवाल्याने जोर केला. मग उजव्याने मान वर केली, तोरणाची खाली लोंबणारी डहाळी तोंडात धरली आणि चावायला सुरुवात केली. डाव्याने दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. दोघं मिळून सावकाश मधल्या गाठीपर्यंत आले.

तोरण खाल्लं म्हणजे तोडलं का, आणि तोडलं असल्यास पहिलं कोणी, यावर ओट्याचं अजून एकमत झालेलं नाही. मामांनी दरम्यान तळेगावच्या पटाची चौकशी करून ठेवली आहे. मुलाला मात्र रात्रीची पोळी बंद केली आहे.